मेलेल्या रंगाचे फोटो

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की हसून हसून खुर्चीतून पडणारा माणूस मी. त्यात बॉटनीचा एम.एस्सी.! पण पंच्याण्णवच्या सुमारास सांगलीत, आमच्या कॉलेजच्या डार्करूममध्ये, भरदुपारी जे घडलं...

नवा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आला होता. उसाच्या मुळातल्या पेशीला रंग लावायचा, वरून निळा उजेड सोडायचा – पेशी दिवाळीसारखी पेटते! मग फोकसचा नॉब केसभर फिरवायचा, फोटो काढायचा. परत केसभर, परत फोटो. एकेका थराचा फोटो एकेका काचेवर गिरवून काचा रचल्या, की पेशी चारी बाजूंनी उभी! ज्याची पेशी उभी राहील, तो बंगलोरला लेसरवालं मशीन शिकायला जाणार. उमेदवार दोन – मी आणि पाटणचा दिल्या.

रंग संपलेला, स्लाइड एकच उरलेली. पहिला मान माझा. काय पेशी होती राव! अख्ख्या सातारा-सांगलीत तसं देखणं काही जन्मलं नसेल. पण हा रंग उजेडानं मरतो, आणि मेला की परत येत नाही. मी पहिला फोटो घेणार, तेवढ्यात... काळोख.

सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "संपलं! नुसता बघत काय बसलास?"

(बसलो नव्हतो. जरा रमलो होतो.)

दिल्या पुढं सरला. "आवं सर, मी बघू का जरा?"

नॉब, क्लिक. नॉब, क्लिक. "लय झ्याक दिसतंय, सर!"

"मला बघू दे की," मी म्हटलं.

"हलवू नगंस गड्या, फोकस जाईल!"

तो उठल्यावर मी वाकलो. कुट्ट अंधार. मनात म्हटलं, बस आता बोंबलत, दिल्या.

रोल धुऊन आला, तर थरामागून थर पेशी! काचा रचल्या, मधोमध केंद्रक तरंगत होतं. सरांनी दिल्याला मिठी मारली. माझ्या पोटात असा जाळ, की त्यावर गुऱ्हाळ चाललं असतं.

दिल्या बंगलोरला निघाला, तेव्हा स्टँडवर त्याला सोडायला मीच गेलो. "खरं सांग दिल्या, तुला दिसली आणि मला का नाही?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "मला तरी कुठं दिसली रं? समदा अंधार हुता. सर हुबं हुते, म्हून नुसता नॉब फिरवत बटन दाबत गेलो."

गाडी सुटली.

रोल कोरा होता, मीच भरलेला. स्लाइड तीच. मग फोटोत उतरलं काय? भल्याभल्यांना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. मला मात्र वेगळंच सलतं... माझ्यासमोर जिवंतपणी घटकाभर थांबली नाही, आणि त्या दिल्यासाठी मेल्यावर उठून बसली!