बाईंची कवायतीची खोली

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, असं माझ्या नणंदबाई मानत: एक पोक काढून चालणारी, आणि दुसऱ्या त्या स्वतः. देवाला त्यांनी कुठल्याच प्रकारात घातलं नव्हतं. तो दिसत नाही, मग त्याची पाठ तपासायची कशी? उमरखेडला मुलींच्या शाळेत त्या चौतीस वर्षं कवायत शिकवत होत्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. मीही बाईच म्हणत असे. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी असे. मंगळसूत्र गेलं आणि शिट्टी आली, असं आमच्या गावातल्या बायका मागून बोलत. ते बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. हे वाजते तरी."

लग्नात पंगत बसली की बाई मागून फिरत आणि ज्याची पाठ वाकलेली दिसेल त्याच्या मणक्यावर दोन बोटं टेकवत. एकदा व्याह्यांच्याच पाठीवर टेकवली. माणूस घास तोंडात धरून ताठ झाला तो जेवण होईपर्यंत तसाच. पोळ्या लाटताना मी खांदे पुढे घेते म्हणून त्यांनी मला कितीदा ओट्यापासून हटवलं असेल, आणि पोळ्या मात्र स्वतः कधी लाटल्या नाहीत. आमच्या सासऱ्यांना नेताना तर त्यांनी हद्द केली. बायका तिरडीमागे जात नाहीत, या गेल्या, आणि खांदेकऱ्यांना म्हणाल्या, "डावा पाय आधी. सगळ्यायनं." भाऊबंदांनी ऐकलं. गावात जुनी माणसं अजून सांगतात की तेवढी न हलता गेलेली तिरडी त्यांनी दुसरी पाहिली नाही.

अशा बाईनं आमच्या घरात व्यायामाची खोली केली त्याची ही गोष्ट आहे. हसण्यासारखी आहे, पण सगळी नाही.

आमच्या ह्यांना लकवा झाला त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आधल्या वर्षीही नव्हता. मधली खोली छतापर्यंत कापसानं भरली होती. घरात ठेवलेल्या कापसात किडे होतात, ते चावून आमच्या अंगाला खाज सुटली होती, तरी हे विकायला तयार नव्हते. व्यापारी दारात आला की म्हणत, थांब. मुलगा राजूरच्या कोळसा खाणीवर आहे, तो सुट्टीला आला की म्हणे, बाबा, काढून टाका. त्यालाही थांब. मी विचारणं सोडून दिलं होतं. एक दिवस हे आंघोळीला बसले आणि तसेच उजव्या अंगावर कलंडले. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणले तेव्हा उजवा हात गेला होता, उजवा पाय गेला होता, आणि बोलणंही गेलं होतं. एवढ्या मोठ्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला होता. पाणी पाहिजे, थांब. ऊन लागतं, थांब. माझ्यावर चिडले की थांब थांब थांब.

माणूस सहा फुटी, मी पाच फूटही नाही. संडास अंगणाच्या पार टोकाला. मी त्यांना काखेत धरून नेई, बसवी, धुई आणि ओढत परत आणी. चाळीस वर्षांत ज्यांनी माझ्यासमोर कधी बनियन बदललं नाही, ते रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून रडत. मी रडत नव्हते. मला कंबर सांभाळायची होती. डॉक्टर म्हणाले, नागपूरला ठेवून व्यायाम द्यावा लागेल, नाही तर घरीच काय ते करा. नागपूर आमच्यानं होणार नव्हतं. हे पुन्हा बोलले नाहीत तरी मला चाललं असतं, हात नाही उचलला तरी चाललं असतं. संडासला आपले आपण जावेत, एवढंच मी मागत होते. बाई उमरखेडहून आल्या, दोन दिवस गप्प बसून सगळं पाहिलं आणि त्यांनीही तेवढंच धरलं. ह्यांना त्या बापू म्हणत.

"शांते, संक्रांतीपर्यंत बापू एकटा जाईन. लिहून ठेव."

मी चौथी पास आहे, लिहिता येतं. पण ते लिहायची माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी व्यापाऱ्याची गाडी बोलावली. मधली खोलीच व्यायामाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, कारण तिला दोन खिडक्या होत्या. माणसं कापूस उपसू लागली तसे हे खाटेवरून ओरडायला लागले, थांब, थांब. व्यापारी बिचारा हातातलं गाठोडं घेऊन उभा राहिला. बाई त्याला म्हणाल्या, "तो मले म्हणून राह्यला, तुमाले नाही. भरा." संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. ह्यांनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही. पंधरा दिवसांनी भाव थोडा चढला. बाईंनी वर्तमानपत्राचं ते पान फाडून चुलीत घातलं आणि मला म्हणाल्या, "बापूले समजलं तर तुह्याकडूनच समजलं असं मी धरीन."

मग खोली सजवणं सुरू झालं. मला वाटलं होतं एक दांडा ठोकतील आणि झालं. बाईंनी शाळेच्या वहीत चौकटी पाडून नकाशा काढून आणला होता. खाट कुठे, आरसा कुठे, ऊन किती वाजता कुठे येतं. मी म्हटलं, "बाई, बिमार माणसाले रंग काय करायचा?" त्या म्हणाल्या, "दवाखान्यावानी खोली केली तर माणूस बिमारच राह्यते. आत यावं वाटलं पाहिजे, मंग पाय उचलते." खालून कमरेपर्यंत पोपटी आणि वर पांढरा असा रंग ठरला. दोन रंगांच्या मधली रेघ पेंटरनं जरा उतरती मारली, ती त्यांनी त्याच्याकडून तीनदा पुसून घेतली. ह्यांचा हात त्या रेघेवरून सरकवायचा होता. "रेघ उतरली तर हात उतरते, दादा," त्यांनी त्याला सांगितलं. पेंटरला त्यातलं काही कळलं नाही. चौथ्यांदा मात्र रेघ सरळ आली.

बैल आम्ही आधीच विकले होते, बैलबंडी नुसती उभी होती. तिचे दोन लांब दांडे काढून, घासून, मुलाकडून लोखंडी पायांवर बसवून घेतले. त्यांच्या मधून धरून चालायचं. खाली घसरू नये म्हणून बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातला रबरी पट्टा आणून अंथरला. विहिरीवरची कप्पी छताला गेली, तिच्यातून दोर, दोराला पिशवी. डाव्या हातानं ओढलं की उजवा आपोआप वर जाई. वजनासाठी सरकी भरलेल्या लहान-मोठ्या पिशव्या मी शिवल्या, त्यात माझ्या तीन चांगल्या लुगड्यांचा बळी गेला, कारण बाईंना गोणपाट चालत नव्हतं. "त्याले हाताले मऊ लागलं पाहिजे आन् डोयाले चांगलं." भिंतीला खुंट्या ठोकून त्या पिशव्या लहानीपासून मोठीपर्यंत ओळीनं टांगल्या. मारेगावात साड्यांचं एक दुकान त्या वर्षांत बुडालं, तिथला माणसाएवढा आरसा आणला. ह्यांनी त्यात आपलं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि मान फिरवली. बाईंनी आरशाला पडदा शिवून घेतला. पहिल्या आठवड्यात फक्त पाय दिसतील एवढाच तो उचलला. पुढच्या आठवड्यात गुडघे. "तोंड सगळ्यायच्या शेवटी," त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यात त्या खोलीइतकी देखणी खोली मी कुणाच्या घरी पाहिली नाही, आणि ती कापूस काढून केलेली होती.

शेजारचे नाना कुंपणावरून डोकावून म्हणाले, "बाई, आखाडा टाकला काय?"

"हाव. तुमीबी या. पोट पाहाले आरसा आहे."

नाना आले नाहीत. पण रोज सकाळी कुंपणापाशी दात घासायला मात्र येत.

व्यायाम काही होईना. अडचण निघाली ती भलतीच. बाई मोजायच्या, "एक, दोन, एक, दोन." पाचव्या-सहाव्या पावलाला हे दुखून म्हणत, थांब. आणि बाई थांबत. चौतीस वर्षं त्या शब्दावर मुलींच्या रांगा थांबवलेल्या, त्याच्या आधी स्वतः थांबलेल्या. शब्द कानावर पडला की त्यांचे पाय जुळत, हात मांड्यांना चिकटत आणि मान सरळ होई. ह्यांना धरलेला हातही सुटे. दोनदा हे पडता पडता वाचले. बाई स्वतःवर भयंकर चिडत. "बापू, हुकूम मी देते, तू नाही." हे म्हणत, थांब. बाई पुन्हा सावधान. मी दारात बसून हसले, खोटं कशाला सांगू. घरात तीन महिन्यांत कुणी हसलं नव्हतं.

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मलाही खोलीत बोलावलं, आम्हा तिघांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून या खोलीत थांब म्हनजे चाल. हुकूम बापू देईन. त्याले एकच शब्द येते ना, मंग तोच हुकूम." हे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, थांब. आम्ही दोघींनी डावा पाय उचलला. पुन्हा म्हणाले, थांब. आम्ही उजवा उचलला. तीन महिने ज्या माणसाचं कुणी ऐकलं नव्हतं, त्याच्या एका शब्दावर दोन म्हाताऱ्या कवायत करत होत्या. तिसऱ्या हुकमाला त्यांनी स्वतःचा पाय ओढला. त्यानंतर त्यांना आवरणं कठीण झालं. बाईंनाच धाप लागायची. मला तर अशी सवय लागली की एकदा नाना कुंपणावरून म्हणाले, "थांबा, काकू," आणि मी सरळ चालत घरात गेले. ते अजून समजतात की मी तेव्हा रागावले होते.

संक्रांत हुकली. बाईंनी त्याबद्दल तिळगूळ खाल्ला नाही. होळीच्या आधी त्यांनी अंगणात शाळेच्या क्रीडांगणासारख्या चुन्याच्या रेषा मारल्या, खोलीच्या दारापासून संडासापर्यंत, दर पावलाला एक. होळीच्या दुसऱ्या दिवशी हे काठी घेऊन निघाले. आम्ही मागे जाऊ लागलो तर थांबून आमच्याकडे पाहत राहिले. शेवटी बाईंनी माझा दंड धरून मला भिंतीकडे वळवलं आणि स्वतःही वळल्या. आम्ही भिंतीला नाक लावून उभ्या. काठीचा आवाज गेला, बऱ्याच वेळानं परत आला. बाईंनी शिट्टी तोंडात धरली होती, वाजवली नाही. वाजवली असती तर मी त्यांना मारलं असतं.

त्यानंतर हे रोज एकटेच जात. माझ्या कंबरेची सुटका झाली. बाईंनी एकच नियम घातला होता, दार लोटायचं, आतून कडी लावायची नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला. वावर ठोक्यानं, म्हणजे ठरल्या पैशावर, दुसऱ्याला कसायला दिलं होतं, त्यानं त्यात कापूसच लावला. तो फुटायला लागला तेव्हा बाई उमरखेडला परत जायची तयारी करत होत्या. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, असं ह्यांना रोज ऐकवत होत्या, आणि हे डाव्या बाजूनं हसत होते.

एका सकाळी गेले ते आले नाहीत. मी हाक मारली. बाईंनी मारली. दार ढकललं तर आतून कडी. नाना कुंपण ओलांडून धावत आले आणि बिजागऱ्या उखडून दार काढलं. हे भिंतीला टेकून बसलेले होते. गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका, खाटेवर असते तरी आला असता. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं.

त्या वेळी बाईंनी खांदेकऱ्यांना काही सांगितलं नाही. घराच्या पायरीवर बसून राहिल्या. दहाव्या दिवशी मी भांडी घासत होते, तिथे येऊन बसल्या आणि विचारलं, "शांते, मी त्याले चालाले नसतं शिकवलं तर?"

मला खोटं बोलता येत नाही. नाही, तुमचं काही चुकलं नाही, असं दुसरी कुणी म्हणाली असती. मी म्हटलं, "तर माह्या हातात गेले असते. बाकी मले माहीत नाही."

मग मला जे त्या दिवसापासून दिसत होतं ते मी सांगितलं. "बाई, ते कडी उजव्या बाजूले आहे. वर उचलून मंग सरकवा लागते. त्या कोपऱ्यात डावा हात पुरत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पक्कं?"

"हाव. मी रोज जाते तिथं."

त्या उठून गेल्या. दार अजून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्याच्यापुढे उभ्या राहून त्यांनी ती कडी उचलली, सरकवली, पुन्हा उचलली. किती वेळ ते मी मोजलं नाही. कडी ह्यांच्याही खांद्याच्या वर आहे.

तेरवी झाल्यावर बाई गेल्या. बसमध्ये चढताना म्हणाल्या, "दार नवं करून घे. कडी तेच राहू दे." पुढच्या वर्षी उमरखेडला त्या वारल्या. मला निरोप उशिरा मिळाला, जाता आलं नाही. दार नवं आहे, कडी तीच आहे. जड जाते. मला दोन्ही हात लावावे लागतात.