मुकादमाचा संधिवात

आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांचा स्वतःच्या वचकावर भारी विश्वास. बायको ऐकत नाही, गिऱ्हाइकं ऐकत नाहीत, पण मुकादम ऐकतो, असं ते सांगायचे. मुकादम म्हणजे त्यांचा चौदा वर्षांचा बोका. आयुष्यभर तो कापायच्या टेबलावर, नेमका खडूने आखलेल्या कापडावर ताणून द्यायचा. गेल्या हिवाळ्यात त्याने टेबलावर चढणंच सोडलं.

"शेवटी लागली शिस्त!" काका येईल त्याला ऐकवत. "एकदा डोळे वटारले, बास."

मुकादम दिवसभर चिंध्यांच्या ढिगात पडून राही. पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या, नखं वाढली. काकांच्या मते स्वारी म्हातारपणी आळशी झाली होती. मग त्याने वाळूचा ट्रे सोडून ट्रेच्या शेजारीच कार्यक्रम उरकायला सुरुवात केली. काकूंनी त्याच्या कंबरेला हात लावला, तर फिस्कारला. काकूंनी त्याला टोपलीत घातलं, काकांना पुढे घातलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी मागचा पाय हळूच वाकवला. मुकादमाने दवाखाना डोक्यावर घेतला.

"संधिवात आहे. त्याला उडी मारवत नाही, पाठ चाटायला वळवत नाही, ट्रेचा काठ ओलांडवत नाही."

"म्हणजे शिस्त...?" काकांनी विचारलं.

"शिस्त कसली डोंबलाची!" काकू म्हणाल्या. "दुखत होतं बिचाऱ्याला."

काका पार ओशाळले. "माझ्या गुडघ्याची अर्धी गोळी देऊ का त्याला?"

बाई खुर्चीतून उठल्याच. "जीव घ्याल त्याचा! माणसांची गोळी मांजराला विष. मी देते तेच औषध द्यायचं. आणि वजन उतरवा."

काकांनी जुन्या कोटाच्या अस्तराची जाड गादी शिवली, ट्रेचा एक काठ कापला, टेबलाला लाकडी पायऱ्या लावल्या. औषध लागू पडलं. मुकादम एकेक पायरी चढत, मध्ये दम खात वर येऊ लागला. वजन मात्र हलेना. एका दुपारी काकांनी काकूंना माशाचा तुकडा टाकताना रंगेहाथ पकडलं.

"अहो, असा काय बघतो तो!"

"मीही तसाच बघतो. मला कधी दुसरा तुकडा मिळाला?"

डॉक्टरीणबाईंच्या कानावर हे गेल्यावर घरात मासे येणंच बंद झालं. उन्हाळ्यापर्यंत वजन उतरलं. मुकादमाचं बऱ्यापैकी, काकांचं त्याहून जास्त.