काचेवरची काळी पट्टी

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हे माझ्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं. डिचोलीच्या दुकानात टीव्ही दुरुस्त करता करता मी पाळीच्या एका खाणीसाठी पंपाची पेटी बनवली, आणि तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागेना. पेटीत एक आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर होता, काळ्या झुरळाएवढा. खड्ड्यातलं पाणी चढलं की त्यानं पंप चालू करायचा, उतरलं की बंद. एवढंच त्याचं काम. पण त्यामुळे पंप सांभाळणाऱ्या माझ्या मामाला बटण दाबायला ओल्या दरडीवरून खाली उतरावं लागणार नव्हतं. पावसाळ्यानंतर ती लाल माती कधी ढासळेल याचा नेम नसे, आणि मामा साठीला टेकला होता.

त्या मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे चिपच्या, पाठीवर काचेची छोटी खिडकी होती. तिच्यातून ऊन आत गेलं की चिप बावचळते, आणि ऊन खातच राहिली तर आतला प्रोग्राम पुसून जातो. म्हणून मी काचेवर काळी पट्टी चिकटवली होती.

दसऱ्यानंतर रोज दुकान बंद करून मी खाणीवर जात असे. पंप चालू, पाणी खाली, पेटीचं झाकण लावलेलं, मामा हसतमुख. “बरा चलता गो बाय,” म्हणायचा. तरी रात्री मला झोप येईना.

एका रविवारी राहवलं नाही म्हणून भर दुपारीच गेले. पेटीच्या शेडमध्ये मामा नव्हता. पेटीचं झाकण सताड उघडं, त्यावर सुकलेली झेंडूची माळ, आणि तिरपं ऊन थेट चिपवर. काळी पट्टी गायब. काचेशेजारी हळदकुंकू. पंप बंद होता. मी खड्ड्याच्या कडेला धावले. खाली नुसतं लाल पाणी, मामा कुठंच दिसेना. मी हाका मारल्या, मारतच राहिले.

मग खाली पंप धडधडला. थोड्या वेळानं मामा दरडीला धरून धरून वर आला, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला.

“पट्टी कोणी काढली?” मी ओरडले.

“मीच. दसऱ्याक पुजताना. तोंड झाकून खय पूजा करतत?”

“आनी झाकण?”

“दुपारचा उकडता त्येका. वारो नको?”

म्हणजे ऊन कलल्यावर चिप ताळ्यावर येत होती, आणि मी पोचेपर्यंत सगळं ठीक दिसत होतं.

“दुपारचा बंद पडता तां माका सांगलस कित्याक नाय?”

मामानं आधी आजूबाजूला पाहिलं. “तुझा पयला काम, बाय. फोरमनाक कळला असता तर पेटी काढून टाकली असती. म्हणान रोज दुपारी मीच जातंय नि बटण दाबून येतंय.”

तो खाली उतरू नये म्हणून मी ती पेटी बनवली होती, आणि तो रोज तिच्यासाठीच उतरत होता. मला इतका राग आला की रडूच फुटलं.

“हळू रड गो,” मामा म्हणाला, “कोण तरी आयकतलो.”