तपासणीच्या दिवशीची गोळी

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. रक्तदाबापायी आळेफाट्याच्या दवाखान्यात त्यांच्या इतक्या चकरा व्हायच्या, की आमच्या बोरी गावच्या जीपवाल्याला कुठं थांबायचं हे सांगावं लागत नसे. पण तपासणीच्या दिवशी ते सकाळच्या गोळीला हात लावत नसत. आई ओरडली की म्हणायचे, "मोटार ग्यारेजला नेताना आदी ठोकठाक करून नेतो का आपून? बिघाड हाय तसा दिसला पायजे." बोलण्यात त्यांना कोण हरवणार!

मग दाब वाढलेला दिसे. डॉक्टर गोळी वाढवून देत आणि घरी आल्यावर दादा ती इमानेइतबारे घेत. मग दाब फार उतरून चक्कर. एकदा तर विहिरीवर मोटार चालू करता करता ते मटकन खाली बसले. पुढ्यातच विहीर. आईनं त्यांचं विहिरीवर जाणंच बंद केलं. जन्मभर स्वतःच्या हातानं पिकाला पाणी सोडलेला माणूस ओट्यावर बसून राहिला. मला ते बघवत नव्हतं.

पुढच्या खेपेला मी दादांबरोबर गेले, तर नव्या डॉक्टरीणबाई होत्या. इथं दाब जास्त आणि घरी चक्कर, हे त्यांना खटकलं. त्यांनी विचारलं, "दादा, आज गोळी घेतली?"

"न्हाई बाई," दादा ऐटीत म्हणाले आणि त्यांनी तोच ग्यारेजच्या मोटारीचा दाखला दिला.

मला वाटलं, आता बसतात बोलणी. पण त्या हसल्या. "बरोबर आहे तुमचं. पण दुरुस्त केलेली मोटार नीट चालते का, ते चालू केल्याशिवाय कळतं का?"

दादांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "न्हाई कळायचं."

'समजलं ना?' असं बाईंनी विचारलं नाही. त्याला दादांचं 'व्हय' तयारच असतं. त्या म्हणाल्या, "आता घरी काय सांगाल, ते मला सांगा."

"रोजची गोळी खाऊनच तपासायला यायचं. आन् चक्कर आली की बंद करायची."

"मनानं बंद नाही. आधी मला फोन." बाहेर गर्दी खोळंबली होती, तरी त्यांनी दादांकडून ते पुन्हा बिनचूक वदवून घेतलं. पुढं दादा गोळी खाऊन गेले तेव्हा बाईंनी दाब तपासला, डोस कमी केला आणि चक्कर थांबली.

आता विहिरीवरून मोटारीचा आवाज आला की आई निवांत चहा टाकते. मी मात्र रोज मनातल्या मनात त्या बाईंना हात जोडते.