प्लास्टिकच्या तुकड्यावरचे थेंब

ते रंगारी होते, पण सगळी गल्ली त्यांना वैद्य म्हणायची. न्हाणीघराच्या भिंतीवरून रंगाचे पोपडे सुटायला लागले की गिऱ्हाईक म्हणे, "खरवडा आणि नवा हात मारून टाका, वैद्यबुवा." वैद्य मान हलवत. "आधी दुखणं कुठलं ते कळू दे."

मग ते वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवत आणि दोन दिवस कुणाला हात लावू देत नसत. तुकड्याच्या आतून थेंब धरले तर ओल भिंतीतली, कुठेतरी पाइप गळतोय. बाहेरून धरले तर आंघोळीची वाफ. चाळीस वर्षांत या तुकड्यानं त्यांना एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

घरच्या न्हाणीघरात मात्र दोन वर्षं त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. बायको तिथेच पाय घसरून पडली आणि गेली. तेव्हापासून दाराला बाहेरून कडी, आणि वैद्यांची आंघोळ मागच्या नळावर, ऐन थंडीतसुद्धा.

"बाबा, मी बाळाला घेऊन महिनाभर येईन हो," लेक फोनवर म्हणाली, "पण न्हाणीघरातले ते पोपडे? बाळाच्या तोंडात गेले म्हणजे? होत नसेल तर सांगा, मी सासरीच राहते."

"होत नसेल म्हणजे? अख्ख्या गावाची न्हाणीघरं केली मी!"

"गावाची केलीत. आपलं तेवढं राहिलं."

नात तीन महिन्यांची झाली होती. वैद्यांनी तिला अजून फोटोतच पाहिलं होतं. त्यांनी कडी काढली.

रंग एकाच जागी गेला होता. स्टुलावर बसून आंघोळ करणाऱ्याची पाठ टेकेल, तेवढ्याच उंचीवर. बाकी भिंत धडधाकट. 'पाइप असणार,' त्यांनी मनाशी ठरवलं. तुकडा चिकटवला, पाणी मुख्य नळापासून तोडलं, गीझरची वायर काढली, खिडकी ओढून घेतली आणि दाराला कडी घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर थेंब बाहेरून होते. आतली बाजू ठणठणीत कोरडी. वैद्यांनी एक थेंब बोटावर घेतला. कोमट होता.

त्यांनी तुकडा बदलला, चिकटपट्टी बदलली. पुन्हा दोन दिवस. पुन्हा बाहेरूनच.

"मजा आहे वैद्यबुवा तुमची," पलीकडच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या. त्यांची न् यांची भिंत एकच. "सकाळी सकाळी तांब्यावर तांब्या! सुटला वाटतं एकदाचा मागचा नळ?"

वैद्य हसले. त्यांची आंघोळ अजून मागच्याच नळावर होत होती.

लेक चार दिवसांनी यायची होती. असाच रंग मारून टाकावा, असं एकदा मनात आलं. पण वाफेवर मारलेला रंग महिनाभरसुद्धा तग धरत नाही, आणि खाली बाळाचा टब असणार. वाफेवरचा उपाय ते गिऱ्हाइकांच्या बायकांना शंभरदा सांगत आले होते. तोच सांगायला ते न्हाणीघराच्या कडी घातलेल्या दाराशी उभे राहिले, चोरून आल्यासारखे.

"अगं, आंघोळ झाली की खिडकी उघडत जा. पोरगी बाळाला घेऊन येतेय. रंग टिकायला हवा."

हातातला चहा गार होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खिडकी सताड उघडी होती. तुकडा दोन्ही बाजूंनी कोरडा.

वैद्य कामाला लागले. पोपडे खरवडले, पॉलिश पेपर फिरवला, पुट्टी, प्राइमर, आणि मध्ये पुरतं वाळू देऊन रंगाचे दोन हात. पाठीच्या उंचीवर आले की ते ब्रश हलका चालवत. इतकी सफाईदार भिंत त्यांनी कुणाकडेच केली नव्हती.

"झालं का हो बाबा?"

"झालं. ये तू."

"मग बाळाची आंघोळ तिथेच घालते हं."

"घाल की. आतून कडी मात्र लावू नकोस."

"का हो?"

"नको म्हटलं ना. मी दाराबाहेर बसून असेन."