ताटातलं पाणी

माझ्या लहानपणी आमच्या घरी पाणी यायचं ते दूरच्या विहिरीवरून, आईच्या डोक्यावर. म्हणून जेवण झालं की अण्णा, माझे वडील, ताटातच हात धुवायचे. तेवढ्याच पाण्यात ताट विसळून व्हायचं आणि ते पाणी दारातल्या कढीपत्त्याला जायचं.

मी पदवीधर झाले, तेव्हा अण्णांना शहरातल्या एका इटालियन हॉटेलात जेवायला नेलं. शेजारीच बार होता. तिथे टीव्हीवर मॅच लागली होती आणि नुसता कल्ला चालला होता. लांबलचक पास्ता बघून अण्णा म्हणाले, "शेवयांत गूळ घालायचा राहिला वाटतं गं!" मी पोट धरून हसले. मग त्यांनी ताट चाटूनपुसून संपवलं, ग्लासातलं पाणी त्यात ओतलं आणि सावकाश बोटं धुतली.

बारपाशी हशा उठला. मॅचवरच असेल, पण माझे कान तापले. "अण्णा, लोक बघतायत!" मी दबक्या आवाजात खेकसले.

"चुकलं होय?" म्हणत त्यांनी ओला हात शर्टाला पुसला.

मी तोंड फिरवून बारकडे बघत बसले. तिथला माणूस उरलेला बर्फ ग्लासामागून ग्लास सिंकमध्ये ओतत होता. तेवढ्या पाण्यावर आमचा कढीपत्ता आठवडाभर जगला असता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. खरं सांगायचं तर अण्णांकडेही माझ्याशिवाय कुणीच बघत नव्हतं.

आता अण्णा घरीसुद्धा जेवल्यावर उठून नळावर हात धुतात. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. शिकून अण्णांना मी शिकवलं, ते एवढंच.