भावाकडची गाडी

आमच्या ह्यांना आयुष्यभर एकच हौस होती, उंच गाडीची. वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून राबले तोवर मोटारसायकल, आणि पुढं एक छोटी, डब्यासारखी कार. सिग्नलला शेजारी एखादी मोठी गाडी येऊन थांबली की मान वर करून बघत राहायचे, मागचे हॉर्न मारायला लागले की भानावर यायचे. मला त्याचा राग यायचा. माणसानं कशाकडं तरी इतकं भुकेल्यासारखं बघू नये असं मला वाटतं. पण निवृत्त झाल्यावर ते घरात बसून बसून चिडचिडे झाले, आणि त्याच सुमारास गारखेड्यातल्या माझ्या धाकट्या भावानं त्याची डिझेलची मोठी गाडी विकायला काढली. त्याचा बांधकामाचा धंदा बरा चालला होता, त्याला नवी घ्यायची होती. बाहेरच्या दलालाकडून घेऊन फसण्यापेक्षा घरातली गाडी घरात राहील, असं दोघांच्या मध्ये पडून मीच म्हटलं.

आमच्यात नात्यातला व्यवहार कसा होतो ते सांगायला हवं. गाडी घ्यायला गेलो तर ह्यांनी बॉनेट उघडलं नाही, एक चक्कर मारून बघितली नाही. मेव्हण्याची गाडी तपासायची म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं. भावानंही स्वतःहून काही दाखवलं नाही, कारण दाजींना गाडीचे गुण सांगत बसणं म्हणजे दुकानदारी. चहा झाला, भावजयीनं चावीला कुंकू लावलं, पेढा दिला, आणि हे गाडी घेऊन निघाले. स्टीअरिंगवर बसलेले इतके खूश ह्यांना मी लग्नानंतर क्वचितच पाहिले असतील.

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत ती गाडी मावेना. तिचं अर्धं धूड शेजाऱ्यांच्या फाटकासमोर असायचं आणि रोज सकाळी तिथून आरडाओरडा व्हायचा. ह्यांना त्याचं काही नव्हतं. बादली-फडकं घेऊन गाडी पुसत बसायचे. मी म्हणायचे, घरातल्या एका खिडकीला कधी असं फडकं लागलं नाही.

महिनाभर बरा गेला आणि मग ते म्हणायला लागले, गाडीला पिकअप नाही. जालना रोडच्या पुलावर चढताना पहिल्यांदा म्हणाले. "दाबतोय, दाबतोय, अन् ही ढिम्म. मग एकदम पिसाळल्यासारखी उचलते." मला गाडीतलं कळत नाही, पण शेजारी बसून ते जाणवायचं. सिग्नल सुटला तरी आमची गाडी जागेवर, मागून शिव्या, आणि मग असा हिसका की माझी मान मागं आदळायची. मोंढ्याकडच्या गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री म्हणाला, "साब, फिल्टर जाम है, पिकअप किधर से आयेंगा?" फिल्टर बदलला. दोन दिवस हे म्हणाले, आता बघ कशी पळते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग दुसऱ्या गॅरेजात टर्बोचा पाइप बदलला, तिसऱ्यात आणखी काय काय साफ केलं. प्रत्येकाला काही ना काही सापडायचं. रात्रीच्या जेवणाला आमच्या ताटात भाजीबरोबर गाडीच असायची.

हळूहळू गाडीवरचा राग भावावर वळला. "त्याला माहीत होतं. माहीत असून गळ्यात मारली." मी भांडायचे, पण मलाही आतून शंका यायला लागली होती. शेवटी मीच भावाला फोन केला. तो बिचारा दुसऱ्याच दिवशी आला. म्हणाला, "ताई, माझ्याकडं असताना तर पाण्यावानी पळायची. चला दाजी, बघू." दोघं बीड बायपासला जाऊन आले. भावानं चालवली आणि गाडीनं काही कुरकुर केली नाही. त्यानं ते साधेपणानं सांगितलं, "दाजी, कायच नाय हो तिला." हे पांढरेफटक पडले. म्हणाले, "म्हंजे मी येडा हाय व्हय? मला चालवता येत नाय?" भाऊ उठला. चहा न घेताच गेला. मी केलेला चहा ओट्यावर तसाच साय धरून राहिला.

त्या दिवसांत ह्यांची चप्पल हरवायची. म्हणजे चालता चालता पायातून निसटायची आणि ह्यांना पत्ता नसायचा. औरंगपुऱ्यात एकदा भर गर्दीत मी मागं वळून ती उचलून आणली आणि चिडून म्हटलं, पायात चप्पल आहे की नाही हेसुद्धा कळत नाही का तुम्हाला? ते म्हणाले, पट्टा सैल झालाय. नवी चप्पल घेतली.

पुढं जे झालं ते भावाच्याच भागात झालं. गारखेड्यात एका वळणावर भाजीचा हातगाडा उभा होता. मी ओरडले, "ब्रेक, ब्रेक." हे म्हणाले, "दाबलाय." आणि गाडी पुढंच जात राहिली. गाड्यावरची बाई बाजूला झाली म्हणून वाचली, गाडा मात्र आडवा झाला आणि टोमॅटो चाकाखाली गेले. लोक जमले. ह्यांना कुणी मारलं नाही, वयाकडं बघून सोडलं. आम्ही त्या बाईची भरपाई केली. पण जमलेल्या माणसांपुढं हे हात जोडून सांगत राहिले, "गाडीच खराब हाय हो. ब्रेक बी लागत नाय. मेव्हण्यानं फसवलं मला," आणि त्यांनी भावाचं नाव घेतलं. आख्ख्या गारखेड्यात त्याला ओळखणारी माणसं. त्याला ते तासाभरात कळलं. त्याचा मला फोन आला, एवढंच म्हणाला, "ताई, चौकात काढली माझी इज्जत." आणि ठेवून दिला.

मग एका दुपारी फरशीवर लाल ठिपके दिसले. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत, ओळीनं. हे पेपर वाचत पडले होते. जवळ जाऊन बघितलं तर उजव्या पायाच्या अंगठ्याखाली चपलेतून आरपार आलेला खिळा रुतलेला, चप्पल पायाला तशीच अडकून राहिलेली. सकाळी दूध आणायला गेले होते, तेव्हापासूनचा असणार. मी म्हटलं, दुखत नाही का? ते म्हणाले, काय?

डॉक्टरांनी ह्यांना डोळे मिटायला सांगितले. वर्षानुवर्षं शुगरच्या गोळ्या चालू होत्या, त्यात विशेष काही नव्हतं, आमच्या पिढीत घरोघरी तेच. डॉक्टरांनी एक बारीक तार तळव्याला टेकवली, मग टाचेला, मग बोटांना, मग दुसऱ्या पायाला. प्रत्येक वेळी थांबत होते. बराच वेळ गेल्यावर हे डोळे मिटूनच म्हणाले, "करा ना डॉक्टर सुरू." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात मला सगळं कळलं. गाडी दाबली तरी उचलत नव्हती असं नव्हतंच. पायच दाबत नव्हता. किती दाबला, दाबला की नुसता टेकवला, ब्रेकवर आहे की दुसरीकडंच, त्या पायाला कशाचाच पत्ता नव्हता. भाजीवाली बाई डोळ्यांपुढून हलेना.

"गाडी चालवता का?" डॉक्टरांनी विचारलं. हे म्हणाले, हो. डॉक्टर म्हणाले, यापुढं बंद. घरी येताना रिक्षात हे मला म्हणाले, "जखम भरेपर्यंत बंद म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी मी भावाकडं गेले आणि त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याचे डोळे भरून आले, तो मुळात मऊ आहे. म्हणाला, "वाईट झालं गं ताई. मी येतो दाजींना बघायला." मग म्हणाला, "फक्त एक कर. मला साइटवर लोक इचारतात, पाहुण्याला कामून फसवलं म्हणून. दाजींनी एकदा म्हणावं, गाडी चांगली होती. लोकांपुढं नगं. माझ्यापुढं म्हटलं तरी बास." यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. मी हो म्हणून आले.

घरी हे पलंगावर पाय पसरून बसले होते. मी पट्टी सोडता सोडता विषय काढला. म्हटलं, गाडीत तसं काही नसावं बहुतेक. त्यांनी विचारलं, "मग कशात व्हतं?" आवाज चढला नव्हता. माझ्याकडं न बघता, पायाकडं बघून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, कापूस द्या इकडं. त्यांना कळलं होतं. मला कळलंय हेही त्यांना कळलं होतं. पण ते तोंडानं म्हणायचं म्हणजे त्यांच्याकडून आणखी काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं असतं, आणि डॉक्टर तर आधीच अंगठा काढायचं बोलायला लागले होते.

अंगठा गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर हे आपणहून म्हणाले, गाडी काढून टाकू. पैठणकडचा एक तरुण शेतकरी बघायला आला. हे ओसरीत खुर्चीवर, पाय स्टुलावर. चावी देण्याआधीच त्याला म्हणाले, "आधीच सांगतो, हिला पिकअप नाय. ब्रेकचाबी भरवसा नाय. मला फसवलं, मी कुनाला फसवणार नाय." तो पोरगा चावी घेऊन गेला आणि बायपासला चक्कर मारून हसत परत आला.

"काका, गाडी तर लई भारी पळती. ब्रेक बी एक नंबर. कोन म्हनलं तुम्हाला?"

ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. रागावायचे, हुकूम सोडायचे, मागायचे नाहीत. त्या दिवशी मागत होते. पोरानंही मलाच विचारलं, "काकू, तुम्ही तर रोज बसता. हाय का खरंच काही?"

"आहे," मी म्हटलं. "आधीपासून आहे. माझ्या भावाला माहीत होतं. माहीत असून त्यानं दिली."

ह्यांनी डोळे मिटले आणि मान खुर्चीला टेकवली. मग मला म्हणाले, त्यांना पाणी दे. मी आत जाऊन माठाजवळ उभी राहिले. बाहेर हे त्या पोराला सांगत होते, "ऐकलं ना? सख्खी बहीण सांगतीय."